फोटोला बदली

वाशी, ७ जानेवारी १९९७

ती. वेणूआत्यास,
तेजश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी वेळेवर जेवते, झोपते आणि लग्नाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तुझे तिन्ही प्रश्न संपले.

तू विचारतेस ती नोकरी नाही, प्रशिक्षण आहे. म्हाताऱ्या माणसांचे उपचार सुधारायचे, तर अभ्यास करणारेही त्यांच्याच समाजातले हवेत, असं वर कुणाला तरी सुचलं. म्हणून अल्पसंख्य आणि मागे राहिलेल्या समाजांतली आम्हा सहा जणांना निवडलं. माझा एक्स-रेचा डिप्लोमा त्यांना आवडला. अण्णा हमाल होते हे जास्त आवडलं. पाहुणे आले की आमच्या प्रमुख सुनयना मॅडम आधी ते सांगतात, मग माझं नाव. 'आपल्या समाजाशी कसं बोलावं' हा तास त्या स्वतः घेतात, इंग्रजीत. आमच्यातल्या बोनकोडे गावच्या उन्नतीला काल आगरी घरात शिरताना काय काळजी घ्यावी ते शिकवलं. ती जन्मल्यापासून आगरी घरातच शिरते आहे. तरी तिने उतरवून घेतलं.

पहिलं काम म्हणजे बाजारातल्या पन्नाशीपुढच्या हमालांचे गुडघे. बाजारात एक्स-रेची गाडी उभी राहते. फिल्म माझ्याकडे येते, मी सांध्यातलं अंतर मोजते. फिल्मवर नाव नसतं, नंबर असतो. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांच्यावर इस्पितळात फुकट उपचार होतील. भैरूकाका अजून हमालांच्या टोळीत आहेत; त्यांना मी आधीच सांगितलंय, फोटो काढून घ्या. ते हल्ली घरातसुद्धा भिंत धरून चालतात. विचारलं तर म्हणतात, भिंतच पडायला आलीय, मी तिला धरलंय.

धनाजीदादा मजेत आहे. तुझ्या लेकाला इथे काम सोडून सगळं मिळालं.

लोभ आहे तेवढा पुरे; वाढवलास की लाडू येतात आणि इथे मुंग्या फार.

तुझी भाची,
तेजश्री

---

पाटण, २० जानेवारी

चि. तेजूस,
आत्याचा आशीर्वाद आन पाठीत एक धपाटा.

लग्नाचं इचारलं तर एवढं झोंबाय काय झालं?

धनाजीला काम लागलं, हे तू कळवलं न्हाईस. त्याचं कारड आलं. म्हनतो, बाजारात दवाखान्याची गाडी हाय, तिच्यात जाऊन फोटो काडून घ्यायचे. दर फोटोला टोळीतला कोनतरी मिसळ खाऊ घालतो. मी लिवलं, एक फोटो धाड, सोयरिकीला दाखवाय हुईल. तर म्हनतो, आये, फोटोत तोंड येत न्हाई. आता तोंड सोडून कशाचा फोटो काडत्यात गं? काय वंगाळ तर न्हाई? तू तितंच हाईस, जरा बग.

भैरूच्या पायाचं वाचून जेवान ग्वाड लागंना. त्यो ल्हानपनापास्नं असाच, दुखनं लपवनारा. काय बी कर, पर त्याला धड चालता कर.

माया मोजून धाडायची सवय आमाला न्हाई, लाडू निगालेत.

तुजी वेणूआत्या

---

वाशी, २ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

दादाच्या फोटोत वंगाळ काही नाही. उलट मॅडम त्या गुडघ्याच्या प्रेमात आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्यासमोर अकरा हमालांच्या फिल्म होत्या. नंबर वेगळे, वयं पन्नाशीपुढची आणि सांधे पंचविशीतले. मॅडमनी निष्कर्ष लिहूनही टाकला: ओझं वाहून गुडघा बळकट होतो, या कामगारांना वेगळ्या उपचारांची गरज दिसत नाही. मी फिल्म पुन्हा पाहिल्या. प्रत्येकीत गुडघ्याखाली मोडून जुळलेलं हाड, किंचित तिरकं. जत्रेच्या कुस्तीत दादाचा पाय मोडला होता आणि तू त्याला हाडवैद्याकडे नेलं होतंस. त्या वैद्याने अकरा हमालांची हाडं इतकी सारखी तिरकी बसवली असतील, तर माझं म्हणणं मागे.

काकांना विचारलं. त्यांना त्यात लबाडी वाटतच नाही. अंगात बरं नसलं की आपल्या जागी बदली माणूस धाडायचा, ही टोळीची रीत. गुडघा दुखत होता, म्हणून फोटोला बदली धाडला. खरा फोटो निघाला आणि धर्मराज मुकादमांना कळलं, तर ते टोळीतून काढतील ही धास्ती. टोळीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं म्हणे.

मी फिल्म मॅडमकडे नेल्या. त्या म्हणाल्या की अहवाल छपाईला गेलाय, आणि तू तरी तुझ्या समाजाला खोटं पाडू नकोस. दिल्लीची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मलाच मिळणार आहे, याचीही आठवण करून दिली. हा तास त्यांनी मराठीत घेतला.

अहवाल असाच गेला तर काकांचे उपचार गेले, आणि बाजारातल्या सगळ्यांचेच. दादाला सांग, मिसळ बंद.

तुझी,
तेजश्री

---

पाटण, १२ फेब्रुवारी

चि. तेजूस आशीर्वाद.

धनाजीला कारडावर शिव्या धाडल्या. पोस्टमन वाचून हासत बसला. तुज्या दिल्लीचं मी काय सांगू? तुजी अक्कल तुज्यापाशी. पर भैरू माज्या डोळ्याम्होरनं हालत न्हाई.

वेणूआत्या

---

वाशी, ३ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

अहवालाच्या समारंभात आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी अकराही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि ज्या एका माणसाने अकरा जणांसाठी पाय दिला त्याचे आभार मानले. पाहुण्यांत हाडांचे एक डॉक्टर होते. ते आधी हसले, मग चष्मा लावून पेटीजवळ गेले, मग हसले नाहीत. अहवाल मागे घेतला. दिल्ली उन्नतीला मिळाली, म्हणजे वाया गेली नाही. मला मॅडम हल्ली नावानेच हाक मारतात. अण्णांचा उल्लेख बंद.

डॉक्टरांनी त्या सगळ्यांना खऱ्या फोटोसाठी इस्पितळात बोलावलं, बाजार बंद असतो त्या दिवशी. प्रत्येकाला वेगवेगळा निरोप, गुपचूप यायचं. काका टोपी नाकापर्यंत ओढून आले. बाकावर टोळीतले चौघे आधीच बसलेले. प्रत्येक जण कुणाला तरी भेटायला आला होता. हळूहळू बाक भरला. सगळ्यांत शेवटी दाराची चौकट धरत धर्मराज मुकादम आत आले.

काकांनी सरकून जागा केली. मुकादम बसले, त्याला वेळ लागला, आणि मग त्यांनी विचारलं की धनाजी अजून आला नाही का. सगळा बाक इतका हसला की नर्स ओरडायला आली.

काकांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. टोळीतलं नाव तसंच राहील, त्यांच्या जागी दादा पोती उचलेल, असं मुकादमांनीच सांगितलं. बाकीच्यांच्या तारखा ओळीने येतील. अकरा जणांची बदली एकट्याने करणं फोटोत जमतं, पोत्यांत नाही.

काल काकांनी विचारलं, ऑपरेशनला बदली चालतो का. मी नाही म्हटलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, तर मग तू बाहेर थांब.

थांबणार आहे.

माया असू दे, माझीही आहे.

तुझी,
तेजश्री