नांदुऱ्यातली मँडरिन जोडी

२ मार्च
पार्सल आलं. सहाची गाडी पावणेआठला. माझा नवरा प्र. त्याचं बियाण्यांचं दुकान उघडायचं सोडून माझ्याबरोबर स्टेशनवर आला. मी सांगितलं नव्हतं. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले, प्रत्येक खड्ड्याला श्वास धरून.
दोन पिशव्या, दोन मँडरिन मासे, समुद्राच्या पाण्यातले. नर आणि मादी. करंगळीएवढे. निळ्या अंगावर केशरी वळणं. सासरे, आमचे मामाजी, पिशवीला नाक लावून, "काऊन वं वैशाली, याले कोणं रंगवलं?"
मग टाकीकडे बघून, "साऱ्या गावाले खाऱ्या पाण्यानं नाडलं, अन् तू गोड पाणी इकत आणून त्यात मीठ टाकून राह्यली."
खरंच आहे.

५ मार्च
नर खातो. मादी नाही.
घराखालच्या माझ्या रक्ततपासणीच्या लॅबच्या मागच्या खोलीत बारा बाटल्या. शेवाळाचं हिरवं पाणी, त्यात पॉड्स, खाऱ्या पाण्यातले जेमतेम दिसणारे जीव. डिसेंबरपासून वाढवतेय. मँडरिनला हेच लागतं, जिवंत, हलतं. मागच्या साली पहिला मँडरिन आणला तेव्हा माहीत नव्हतं. मी दाणे टाकत राहिले, तो बघत राहिला. एकविसाव्या दिवशी गेला. भरल्या घरात उपाशी.
या वेळी तसं झालं तर टाकी बंद. प्र.ला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

१३ मार्च
मादीचं पोट आत गेलंय. पाठीचा कणा वरून दिसतो. जाळीच्या डब्यात वेगळी केली, डबा टाकीतच काठाला अडकवला. दर दोन तासांनी ड्रॉपरने पॉड्स तिच्या तोंडासमोर सोडते. तिच्या अंगावरून फिरतात, ती बघत नाही.
आज एका पेशंटच्या नळीवर दुसऱ्याचं नाव लिहिणार होते. वेळेत लक्षात आलं. घाबरले.
प्र. जेवताना म्हणाला, "इतका जीव लावू नको." मी उठले ताटावरून. उगाच.

१५ मार्च
मामाजी दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून. शेती प्र.च्या धाकट्या भावाने घेतल्यापासून त्यांना काही बघायला नव्हतं. संध्याकाळी म्हणाले,
"तिले उजेड लागून राह्यला. नवी गाय आणली त आपण पह्यले अंधारात बांधतो. तू हिले आल्या आल्या दिव्याखाली उभी केली."
मी म्हटलं, मामाजी, गाय वेगळी, मासा वेगळा.
"बिचकणं एकच असते."
डब्यावर त्यांचा जुना पंचा टाकला. करून बघायला काय जातंय.

१६ मार्च
काही नाही.

१७ मार्च
खाल्लं!!
लॅबमध्ये होते. मामाजींचा फोन, ते कधी फोन करत नाहीत. वाटलं, गेली. "ये लवकर, टोचून राह्यली ते!" हातमोजे तसेच, धावत जिना चढले. पंच्याची कड जरा उचलून दोघंही वाकलो. तिने अंग वाकडं केलं, थांबली, टुक्. परत टुक्. मामाजी बोटांवर मोजत होते. सतरा म्हणाले. मला अकराच दिसले. असू दे सतरा.

२४ एप्रिल
मादी आता मोकळी. पोट गोल. नर मागे मागे फिरतो, ती दगडाच्या कपारीत शिरते.
बाहेर ४४. टाकी २६ वर. पाणी थंड ठेवणारा चिलर दिवसभर धापा टाकतोय. पाणी इतकं उडतं की रोज तीन लिटर आरओचं ओतावं लागतं, नाहीतर खारटपणा वर जातो.

१९ मे
आत्ता कुठे लिहायला बसले.
अकराला वादळ, मोताळा रोडवर तारा तुटल्या, लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच मरतुकडा, दीड तासात बंद. चिलर बंद, पंप बंद. एकला २८. तीनला ३०. दोघं तळाशी, कल्ले भराभर.
प्र. दुकान बंद करून कुल्फीवाल्याकडून बर्फ घेऊन आला. आम्ही बाटल्यांत भरून, झाकणं घट्ट लावून पाण्यात सोडत होतो. मामाजी पुठ्ठ्याने वारा घालत होते. पण पाणी हलत नव्हतं.
मीच युसूफभाईंना फोन केला. स्टेशन रोडवर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आमच्या घरच्या पंपाची मोटार त्यांनीच दोनदा दुरुस्त केलीय. स्वतःच्या ऑटोची बॅटरी काढून घेऊन आले. गुडघ्यांवर बसून इन्व्हर्टरला तारा जोडल्या.
"ऑटो उभी राहिली ना भाई तुमची?"
"राहू द्या ताई. मानसाले गर्मी झाली त झाडाखाली जाते. हे बिचारे कुठी जाईन?"
पंप सुरू झाला. तो आवाज. प्र. भिंतीला टेकून खाली बसला.
साडेसातला लाईट. युसूफभाई तोवर हलले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

२० मे
मँडरिन दोन्ही आहेत. कोळंबी गेली, पांढऱ्या मिशांची, सफाई करणारी. दोन वर्षं होती. माझ्या बोटावर चढायची. रडू आलं. जाळी घेऊन प्र.नेच काढली.

७ जून
प्र. नवी बॅटरी घेऊन आला. विचारलं, तर "दुकानासाठी आणली होती." दुकानात लावलीच नाही. थेट टाकीखाली.

८ जुलै
सातला दहा कमी. संध्याकाळचे टाकीचे दिवे मंद होत होते. नराने पाठीवरचा लांब काटा उभारला, रंग भडक. मादी कपारीतून आपणहून बाहेर आली. त्याच्याजवळ, अगदी चिकटून. मग दोघं सावकाश वर, वर... पाण्याच्या वरच्या थराशी क्षणभर थांबली. एक झटका, आणि दोन बाजूंना खाली.
मागे पाण्यात काहीतरी. साबूदाण्याच्या कणीपेक्षाही बारीक, पारदर्शक.
मी प्र.ला हाक मारली.
पंप बंद केला. अंडी काचेच्या भांड्याने अलगद उचलली. वेगळ्या पाण्यात, हवेचा अगदी बारीक बुडबुडा.

९ जुलै
पाचला उठले. थोडी तळाशी, पांढरी झालेली, ती गेली. बाकी तरंगत. एक थेंब घेऊन लॅबमध्ये, मायक्रोस्कोपखाली. काचेसारखा गोळा, आत वाकलेली बारीक रेघ. स्थिर.
जगली तरी यांचं तोंड किती बारीक. पॉड्सची सगळ्यात लहान पिल्लं तरी मावतील का त्यात? माहीत नाही. नांदुऱ्यात कुणाला विचारू?
मामाजी न बोलावता जिना उतरून आले. ऑपरेशन झालेला डोळा लावला. बराच वेळ.
"वैशाली. हालली."
"नीट बघा."
"हालली म्हणतो ना."
त्यांना बाजूला करून मी बघितलं. रेघेने एकदा झटका दिला. मग परत.
शटरबाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला तीन माणसं उभी होती. आतूनच ओरडले, दोन मिनिटं थांबा. आणि पुन्हा डोळा लावला.