काचेच्या खोलीत चारशे मोटरी

प्रिय इंजिनीयरबाई,

हे पत्र मी एकटीनं लिहिलंय, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. चौथीपर्यंतची शाळा आहे माझी, तेव्हा अक्षर बघून नाक मुरडू नकोस. तीन दिवस लागले. फोन का नाही केला म्हणशील. दोनदा केला. तू ‘ठीक आहे गं आजी’ म्हणालीस आणि मी ‘जेवलीस का’ विचारून ठेवून दिला. तुझी आई म्हणते, महिना झाला तू खोलीबाहेर पडली नाहीस. तेच आकड्यांचे कागद उलटेसुलटे करत बसतेस, आणि सोमवारी चौकशीवाल्यांना ‘माझं गणित चुकलं’ असं लिहून देऊन हे काम कायमचं सोडणार आहेस. म्हणून उद्या ती तुझ्याकडे येईल तेव्हा तिच्या हाती हे बंद पाकीट देतेय. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही.

आमच्या मोटरीच्या कंपनीनं तुम्हा सहा पोरांना निवडलं तेव्हा तुझ्या आईचे पाय जमिनीवर नव्हते. इंजिनीयर तर आहेतच, आता धंदाही शिकवणार, माणसं सांभाळायलाही शिकवणार, आणि दोन वर्षांत साहेब करणार! मी म्हटलं, दोन वर्षांत पोर धड बोलायला लागत नाही, साहेब कसला होतोय. त्यावर चार दिवस अबोला धरला तिनं. तू सहा महिने यंत्रांवर काढलेस, सहा महिने विक्रीवाल्यांबरोबर हिंडलीस आणि मग आली माणसं सांभाळायची पाळी. तेव्हा आमच्या तपासणी खात्यात आलीस. पायात ते नवे जड बूट, बदकासारखी चालत होतीस. सगळ्यांसमोर मला ‘आजी’ म्हणालीस, सुपरवायझरनं डोळे वटारले, तर लगेच ‘मॅडम’ केलंस. पुढे आठ दिवस माझ्या शेजारची चष्मेवाली मला ‘मॅडम, जरा सरका’, ‘मॅडम, पाणी घ्या’ करून छळत होती.

आम्ही चौघी एका टेबलाशी बसायचो. मोटर चालू करायची, लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. चांगल्या मोटरीचं बेअरिंग नुसतं गुणगुणतं. वाईटात बारीक किरकिर असते, दाताखाली वाळूचा कण आल्यासारखी. ती ज्या मोटरीत ऐकू येईल ती बाजूला. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. साठी उलटली तरी मला ठेवून घेतलं होतं, कारण सुपरवायझर म्हणायचा, हिचा कान म्हणजे सोनाराचा काटा. चष्मेवाली माझ्या डाव्या हाताला बसायची. तिचं कौतुक कधी कुणी केलं नाही. तिला दिसायचंच कमी, तर काम काय करत असेल, असा हिशेब.

तुझं खोकं मला आधी कळलंच नाही. मग तू समजावलंस. खोक्याला मोटरीचा आवाज ऐकवायचा आणि सांगायचं, ही चांगली, ही वाईट. चारशे मोटरींचं असं सांगितलं की पुढे ते आपलं आपण ओळखतं. मोठ्या साहेबांना तू ते वेगळ्या भाषेत सांगितलंस, ‘चार बायकांचं काम एका खोक्यात, आणि ते रजा मागत नाही.’ सुपरवायझरनं ते आमच्या टेबलाशी येऊन चवीनं ऐकवलं. बाकीच्या तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली, पण मनातून फुगले होते. माझी नात ना! गोंगाट नको म्हणून तू काचेची खोली बांधून घेतलीस आणि चौघींतून मला एकटीला आत घेतलंस. आठ दिवस. ‘आजी, घाई करू नकोस,’ म्हणायचीस आणि वहीत लिहायचीस. मी सांगत गेले. चांगली. चांगली. वाईट. चांगली.

पुढचं सगळं भराभर झालं. पंचविसाव्या वर्षी तू तीन कारखान्यांच्या तपासणीची प्रमुख झालीस. आम्हा चौघींना घरी पाठवायच्या कागदावर तुझीच सही होती. मला हार घालून भिंतीवरचं घड्याळ दिलं, बाकीच्यांच्या हातात पाकिटं. फाटकाशी चष्मेवाली एवढंच म्हणाली, ‘तुझ्या नातीनं नीट माप घेतलं गं आमचं.’ त्यानंतर तिच्या दारात मी तीनदा गेले. आत भांड्यांचा आवाज होता, दार उघडलं नाही.

मग मोटरी परत येऊ लागल्या. कापड रंगवायच्या कारखान्यात एक अडकून पेटली. ती बंद करायला धावलेल्या फिटरच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली. तू दवाखान्यात गेलीस. त्याच्या बायकोनं शिव्या दिल्या असत्या तर तू सावरली असतीस. तिनं तुला बसायला खुर्ची दिली. तेव्हापासून तू अशी झालीस, असं तुझी आई सांगते.

आता ज्यासाठी तीन दिवस लागले ते लिहिते. तुझं गणित चुकलेलं नाही. सहा-सात वर्षांपासून मला ती किरकिर ऐकूच येत नाही. बोललेलं येतं, भोंगा येतो, शेजारचं भांडण तर भिंतीपलीकडून येतं. तेवढा एक बारीक आवाज गेला. आधी वाटलं, मोटरीच सुधारल्या. चष्मेवालीनं ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. स्वतःचं काम करता करता ती माझ्या मोटरीलाही पेचकस टेकवायची आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबायची, म्हणजे वाईट. कान तिचा, नाव माझं. काचेच्या खोलीत तिचा पाय नव्हता. मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगत होते. तुझ्या कपाळाला आठी पडली की वाईट म्हणायचे. तुझ्यासाठी गप्प बसले असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं. घरी पाठवतील याची भीती होती, आणि मिजास होती. जन्मात कुणी माझं बोलणं वहीत लिहून घेतलं नव्हतं. तुझी चूक विचारशील तर एवढीच, टेबलाशी चौघी होतो आणि तू एकीलाच विचारलंस. हे पत्र जसंच्या तसं चौकशीवाल्यांपुढे ठेव. त्या माणसाची बोटं यायची नाहीत, चष्मेवाली दार उघडायची नाही, आणि तू माझ्याशी पुन्हा बोलशील अशी आस मी धरलेली नाही. पण सगळे तुझ्या गणितात चूक शोधत बसलेत आणि बाकीच्या दोन कारखान्यांत तीच खोकी अजून चालू आहेत. माझ्या कानानं ऐकतायत ती. सोमवारची वाट बघू नकोस. आत्ता ऊठ, फोन कर आणि ती बंद करायला लाव. रडायचं ते मग रड.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
आजी