घर क्रमांक तीनशे बारा

सोमवार, ३ मार्च

मालक म्हणाले, शनिवारपासून आपला सर्व्हर बंद! आम्ही ज्या साडेचारशे घरांना इंटरनेट पुरवतो, त्यांना एका बड्या कंपनीचा फुकटचा सर्व्हर लावायचा. "जलद आहे, देखभाल नाही. तुझ्या का पोटात दुखतंय?"

दुखतंय खरं. कुणी कुठलीही साइट उघडली की त्याचा फोन आधी आमच्या सर्व्हरला विचारतो — हिचा पत्ता काय? म्हणजे कुठल्या घरानं कशाची चौकशी केली, ते सर्व्हरला कळतं. आजार, वकील, दुसरी नोकरी — सगळं. साऱ्या जगाच्या चौकश्या एकाच दारात नेऊन टाकायच्या? आणि ते दार बंद पडलं की सगळेच आंधळे!

"आणि आपल्याकडे काय तिजोरीत असतं?"

"आपल्याकडे कुणी बघत नाही." मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

शुक्रवारपर्यंत मुदत. आपला सर्व्हर हळू नाही, हे आकड्यांनी दाखवायचं.

मंगळवार, ४ मार्च

वेग मोजायला चौकश्यांची नोंद सुरू केली. आजवर मीच बंद ठेवली होती. घरांचे क्रमांक गाळायचे राहिले. राहिले, की राहू दिले?

आई म्हणाली, "ऑफिसात लिहितेस, घरी येऊनही लिहितेस. हात नाही का गं दुखत?" वही टेबलावर उघडीच असते. माझ्याशिवाय घरात वाचणारं आहे कोण!

बुधवार, ५ मार्च

क्रमांक ३१२. आमचं घर. काल दुपारी दोनला, आजही दोनला — मुलांना अक्षरं शिकवणारी साइट.

घरात लहान मूल नाही. दोनला बाबा गोदामात, मी ऑफिसात. आई एकटी.

मागे मी तिला अक्षरं शिकवायला बसले तर म्हणाली होती, "आता या वयात? जा, तुझं बघ." मीही लगेच उठले होते. सुटल्यासारखी.

तिनं हे माझ्यापासून लपवलंय. आणि मी बघितलं.

गुरुवार, ६ मार्च

"दुपारी काय करतेस गं?" विचारून बसले! आवाज नको तितका गोड.

"काय करणार? पडते जरा." माझ्याकडे न बघता.

जीभ का नाही झडली माझी.

शुक्रवार, ७ मार्च

मालकांना आकडे दिले. आपला सर्व्हर हळू नाही. मग सांगून टाकलं — "मी बघितलं. माझ्याच घरचं. आईचं."

"मग तुझ्यात आणि त्या कंपनीत फरक काय?"

"मला तिच्याच समोर जेवायला बसावं लागतं."

मालकांनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. मग — "राहू दे आपला सर्व्हर. नोंद पूस, माझ्यासमोर. पुन्हा सुरू करायची तर दोघांच्या सह्या."

पुसली. मी बघितलेलं कसं पुसायचं? आईला सांगायला हवं. धीर होत नाही.

रविवार, ९ मार्च

बाहेरून आले तर वही मिटलेली. वर कॅलेंडरचा फाडलेला कागद, मोठी वाकडी अक्षरं —

"उघडी होती. मिटली. वाचली नाही."