बहिरी

पौष व. ११, शके १८५४
आज पुन्हा रविवार, पुन्हा हे मिऱ्याला. गोविंदा खारव्याच्या होडीतून मासा बघायला. शाळेत शास्त्र शिकवतात म्हणून रविवारीही शास्त्रच.
दुपारी गोविंदा यांना पोचवायला आला. याचा आवाज दर्यावरचा, मला पुरता ऐकू येतो. खळ्यातून म्हणाला, "बहिरी ती. कितीपण बोंब मारा मास्तरानू, नाय हलायची." माझ्या हातातलं सूप थांबलं. वाटलं, माझ्याबद्दलच.
माशाचं नाव आहे म्हणे. मोठी मुशी, होडीहून लांब. हाक मारली तरी बाजूला होत नाही, म्हणून बहिरी.
घरात एक होतीच.

माघ शु. ८
आज जेवताना हे चक्क उजव्या बाजूला बसले. (डावा कान विषमज्वरानंतर गेलाच. उजवाही निम्मा.) आणि बोलले, किती बोलले. तिचं तोंड सुपाएवढं, पण दात कण्यांसारखे, चावत नाही कुणाला. तोंड उघडं टाकून संथ पोहायचं, पाणी कल्ल्यांतून गाळून सोडायचं, बारीक जवळा तेवढा पोटात. पाठीवर पांढरे ठिपके. कुठून येते, कुठे जाते, पिल्लं कुठे घालते, कुणालाच माहीत नाही.
यांचा चेहरा असा लग्नात पाहिला होता. तोही अंतरपाट दूर झाल्यावर, क्षणभर.
मग मी मुंबईच्या कानाच्या डॉक्टरचं काढलं. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं ठरलंय. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.
"काय म्हणालात?"
"काही नाही."
हे 'काही नाही' मला दिवसातून दहादा मिळतं. तिला मात्र सगळं.

माघ व. २
म्हणे होडीत अगदी गप्प बसावं लागतं. वल्हं आपटलं की ती खाली जाते.
म्हटलं, "मग बहिरी कसली?"
हसले. मोठ्याने म्हणाले, "अगं, बाहेर कान दिसत नाहीत एवढंच. पाण्यातला हादरा तिला अंगभर कळतो."
अंगभर कळायला काय, मलाही कळतं. दार कसं लावलं त्यावरून कळतं, आज दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर चिडणार.
तिच्यासाठी अर्धा दिवस श्वास धरून बसतात. माझ्यासाठी एक वाक्य दुसऱ्यांदा नाही.
मत्सर वाटतो. माशाचा. आमच्या घरात मासळी शिजतही नाही.

फाल्गुन शु. ६
गोविंदाच्या जाळ्यात सापडली. जाळं फाटलं, पण ओढून आणलीच वाळूवर. सारा गाव लोटला. मीही गेले, सवत बघायला जावं तशी.
खरंच मोठी. काळसर कातडी, ठिपके गोपीचंदनाचं बोट टेकवल्यासारखे. डोळा मात्र केवढासा. त्याच्यामागे भोक. मी विचारलं, हाच का कान? हे म्हणाले, नव्हे. आणखी काही बोलले ते लोकांच्या गलक्यात…
काळीज काढायला लोक कोयते घेऊन उभे. त्याचं तेल होड्यांना लावतात. ती अजून कल्ले हलवत होती. हे तिच्या अंगावर तळवा ठेवून बसून राहिले. गोविंदा म्हणाला, "मास्तर, उठा आता. आमाला पन वायट वाटता, पन जाळा गेला ना माजा."
यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तापात कोरडे होते. निदान मला दिसलं नाही.
मेली ते बरं झालं, असं मनात आलं. आलं ते आलं.

फाल्गुन शु. १५
एक मेली तर दुसरी दिसलीय म्हणे, काळबादेवीच्या बाजूला. संध्याकाळी हे पडवीत आले, धोतर नवं, म्हणाले, "बहिरीला येतेस?"
डोकंच फिरलं. सणाच्या दिवशीसुद्धा! म्हटलं, "तुमची बहिरी तुम्हाला लखलाभ. मी नाही येत."
मग एकटेच गेले.
परत आले ते कपाळभर गुलाल, हातात नारळ.
भैरी म्हणाले होते. गावच्या देव भैरीची शिमग्याची पालखी. लग्नापासून दरवर्षी मी शेजारणींबरोबर जाते, यंदा स्वतःहून न्यायला आले होते. आणि मी देवालाच लखलाभ…
सांगावं म्हटलं. पण नारळ देवापुढे ठेवून मी झोपलेच.

फाल्गुन व. ४
चार दिवस बोलणं नाही. मुंबईचंही नाही. हे आज समुद्राकडेही गेले नाहीत.
आत्ता मी विहिरीवर होते. राहाटाला पाठ टेकून, उजवा कान घराकडे. मागून "अगं" आलं. हळूच, पण आलं. भास नव्हे.
वळले नाही. पुन्हा हाक मारतात का, बघायचं होतं.