नॉर्डालची हिरवळ

सोमवार, २१ जुलै १९५८

ही वही वहिनीनं मला एप्रिलमध्ये दिली, ओक्लाहोमात कापणीला निघालो त्या सकाळी. रोज चार ओळी लिही म्हणाली, म्हणजे तू दिवसभर कुठं असतोस ते निदान तुला तरी कळेल. मी मान डोलावली. आज जुलैची एकवीस तारीख, आणि हे पहिलं पान. मधल्या तीन महिन्यांत वही माशा मारायला उपयोगी पडली आणि पिकअपच्या खडखडणाऱ्या काचेत पाचर म्हणून. आळस, दुसरं काही नाही. आज बसलो कारण आज सांगण्यासारखं काहीतरी केलंय. मी तळ टाकायला जागा शोधली.

माझा भाऊ मर्ल दोन हार्वेस्टर, तीन ट्रक आणि पाच माणसं घेऊन गहू पिकत जाईल तसा उत्तरेला सरकतो. सोबत लिओनावहिनी, ती सगळ्यांचा स्वयंपाक करते, आणि त्यांची सहा वर्षांची ट्विला. चार दिवस आधी पुढं जायचं आणि ट्रेलर लावायला जागा बघायची, हे माझं काम. ते मला मिळालं कारण यंत्रावर बसवलं की मी पाखरं बघत बसतो आणि कुंपण तोडतो. गेल्या साली मी निवडलेल्या एका जागेत मुंग्या निघाल्या, दुसरीवर कत्तलखान्याचा वारा येत होता. या खेपेला मर्ल सगळ्यांसमोर म्हणाला, "माणसांना झोप लागेल अशी जागा बघ, ऑरिन. नाहीतर बस पकड आणि घरी जाऊन आईच्या कोंबड्या राख." ट्विलासुद्धा हसली. तेवढंच लागलं.

आज तीन जागा पाहिल्या. धान्यकोठाराच्या आवारात उंदीर. चार मैलांवर विन्ये गावाची शाळा टेकाडावर आहे, तिथं झाड एकही नाही, वारा असा की माझी टोपी गेली ती कॅनडातच सापडेल, आणि हातपंप डुकरासारखा ओरडतो. टोपीमागं धावताना एक बॅजर दिसला, त्याच्या बिळापाशी अर्धा तास गेला.

आणि मग नॉर्डाल. नदीच्या वळणात हिरवळ, कापलेली, गालिच्यासारखी. उंच झाडांची सावली, रंगवलेली टेबलं, दगडी चुली, विजेचे खांब, न्हाणीघरात गरम पाण्याचा बंब. झोपाळा. आणि फुकट, गावाकडून, कापणीवाल्यांसाठी. भोवती पन्नास मैल करपलेला माळ आणि मधोमध हे. गावात शिरायचे रस्ते दोनच. दक्षिणेचा टेकडीवरून येतो, पूर्वेचा पुलावरून सरळ या हिरवळीपाशी उतरतो. ट्रेलर वळवायलाही सोपं.

मर्लला कार्ड टाकलं. शनिवारी या. घे म्हणावं झोप.

मंगळवार, २२ जुलै

असं कौतुक माझं जन्मात झालं नाही. सकाळपासून बायका येतायत. लोणी-साखर लावलेली लेफ्से, म्हणजे त्यांच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, साईतली काकडी, उकडलेली अंडी. सगळं रस्त्याच्या कडेला, चुना लावलेल्या दगडांवर ठेवतात आणि हाक मारतात. आत कुणी येत नाही. गाव सगळं नॉर्वेहून आलेल्यांचं. ती माणसं लाजाळू असतात, असं ऐकून होतो.

हिरवळ राखणारा टोर्व्हाल्ड म्हातारा तेवढा येतो. या उन्हातही गमबूट घालून. त्यानं आमची सगळ्यांची नावं विचारली, ट्विला केवढी ते विचारलं. मी कमरेपाशी हात धरून दाखवला. त्यानं झोपाळ्याच्या साखळ्या दोन कड्या वर घेतल्या, तिचे पाय घासू नयेत म्हणून. इतका विचार सख्ख्या आजोबानं केला नसता.

नदीपासून पहिल्या टेबलापर्यंत गवत ओलं आणि आडवं झालेलं होतं. पलंगाएवढी रुंद पट्टी. पाणमांजर असणार. लहानपणी मी एक पाळायचं ठरवलं होतं, तीन आठवडे सापळा लावून बसलो आणि शेजाऱ्याचा कुत्रा सापडला. ते पुन्हा कधीतरी.

बुधवार, २३ जुलै

पट्टी आज चुलीपर्यंत. पाच आठवडे पाऊस नाही, दव नाही. काल नदीच्या कडेला मी एक काठी रोवली होती. पाणी काठीच्या खालीच आहे, उलट दोन बोटं उतरलंय. मग गवत भिजवलं कशानं?

दुसरी गोष्ट. न्हाणीघरात एक फळी आहे, वर सुबक अक्षरांत लिहिलंय, विसरलेल्या वस्तू. टेक्सासच्या घडणीची हॅट, कॉफीची किटली, दाढीचा वस्तरा, चष्मे, मी मोजायचं सोडलं. सगळं पुसलेलं, धूळ नाही. खालच्या फळीवर लहान मुलीचे बूट. पॉलिश केलेले. हॅट विसरेल माणूस. पोरीला अनवाणी गाडीत घालून कोण निघून जातं?

पिकअपचा रेडिएटर गळत होता, गॅरेजवाला येऊन ओढून घेऊन गेला. फुकटात करतो म्हणाला. भाग यायला आठवडा लागेल.

झोपाळ्याच्या फळीवरचा रंग कुठंच घासलेला नाही. गावची पोरं रस्त्यावरून टक लावून बघतात. या म्हटलं तर पळतात.

मी भित्रा नाही. मर्लला काय सांगू, गवत ओलं होतं म्हणून जागा सोडली? कोंबड्या राखायला मी जाणार नाही.

गुरुवार, २४ जुलै

सकाळी माझा तंबू बाहेरून वीतभर उंचीपर्यंत ओला. चारी बाजूंनी. मी आत कोरडा.

कॅफेत गेलो. बोर्गहिल्डबाई कॅफे चालवतात, पन्नाशीच्या, गावात सरळ डोळ्यांत बघणारं तेवढं एकच माणूस. मी बुटांचं विचारलं. त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली, स्वतःच्याही ओतली, आणि सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

अठ्ठावीस वर्षांमागं, कोरड्या दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना नदी खालच्या गल्लीत चढली. आवाज न करता. अकरा घरं. त्यांच्या दोन बहिणी त्यात गेल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी, घरं गेली त्या मोकळ्या जागेत टेक्सासची कापणीची टोळी उतरली. सकाळी टोळी नव्हती आणि गाव कोरडं होतं. त्या उन्हाळ्यात नदी परत आली नाही. तेव्हापासून गावानं ती जागा नीट ठेवली. दर साली एक टोळी, कधी नुसतंच एखादं कुटुंब.

मी म्हणालो, तुम्ही खुनी आहात.

"आम्ही कुणाला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त गवत कापतो."

मग कप विसळताना, माझ्याकडं पाठ करून, "विन्येच्या शाळेत जा. तिथं वारा आहे, पण सकाळी उठशील."

मी तिथूनच मर्लच्या मुक्कामावर फोन लावला. कोठारावरचा माणूस म्हणाला, ते काल सकाळीच निघाले. कार्ड मिळालं होतं. तुझा भाऊ सगळ्यांना वाचून दाखवत होता, म्हणाला. खूश होता.

खूश होता.

शुक्रवार, २५ जुलै, सकाळ

रात्र कॅफेच्या पायरीवर काढली. उठलो ते डोकं तापूनच. जागा आरामाची आहे ना? मग आराम ठेवतच नाही.

टोर्व्हाल्डच्या खोपटातून कुऱ्हाड घेतली. झोपाळ्याच्या साखळ्या तोडल्या. टेबलं फोडली. बंबाला तीन भोकं पाडली. गुरांच्या बाजारातून पाच ढकलगाड्या शेण आणून त्या गालिच्यावर पसरलं. जन्मात इतकं काम केलं नाही, मर्लनं बघायला हवं होतं.

नऊ वाजता गाव आलं. वीस-पंचवीस माणसं, सगळी गमबूट घालून, हातोड्या, फळ्या, रंगाचे डबे घेऊन. कुणी रागावलं नाही. ते फार वाईट होतं. बायकांनी ॲप्रन वर खोचले आणि शेण भरलं. कुणीतरी माझ्या हातात कॉफी दिली. मी ती सांडली. दुसरी दिली.

"पोरा, दमलास. बस जरा," टोर्व्हाल्ड म्हणाला.

मी म्हणालो, उद्या परत तोडीन. परवा परत. त्यानं मान हलवली, समजूतदारपणे. आम्ही परत लावू म्हणाला.

दुपारपर्यंत सगळं होतं तसं. रंग तेवढा ओला.

शुक्रवार, संध्याकाळ

चार मैल चालत टेकडीवरच्या हमरस्त्यावर गेलो. दक्षिणेला जाणारा गुरांचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर एमेट म्हणून, दाढीवाला, बडबड्या. आमचे हिरवे हार्वेस्टर दिसले की द्यायची चिठ्ठी त्याच्याजवळ दिली. त्यात खरं लिहिलं तर मर्ल मला शुद्धीवर आणायला थेट इथं येईल. म्हणून लिहिलं: जागा फसली. विन्येच्या शाळेत उतरा. मला कंटाळा आला, पश्चिमेला चाललोय, वाट बघू नका.

माझं हे तिसरं पळून जाणं. चटकन पटेल. पहिल्या दोन वेळी कुणी शोधायला आलं नव्हतं, तेव्हा राग आला होता. आज बरं वाटतंय.

एमेट परत येईल तेव्हा पुलावरून जाईल. चिठ्ठी पोचली असेल तर तीनदा हॉर्न. तोवर मी पुलावर बसून राहणार, टेकडीचा रस्ताही इथून दिसतो. ते पूर्वेच्या रस्त्यानं आले तर गाडीच्या पुढ्यात आडवा पडेन, पण खाली उतरू देणार नाही.

खाली टोर्व्हाल्ड स्वागताच्या पाटीवर नावं रंगवतोय. आमची. त्याला ट्विलाचं स्पेलिंग येत नव्हतं, पुलाखाली येऊन मला विचारलं. मी त्याला शिव्या शिकवल्या, दोन-तीन नव्या.

शनिवार, २६ जुलै, सकाळ

पाणी काठीच्या खालीच. पण सगळ्या हिरवळीवर पट्ट्या. दहा-बारा. जागा मोजून ठेवल्यासारख्या. ट्रेलर जिथं लावायचे तिथं तिथं.

डास. कॉफी नाही. पुलाच्या कठड्यावर कुणीतरी १९४१ साली बदाम कोरलाय. मी खाली आमच्या कोंबडीचं चित्र काढलं.

दुपार, बारा

तीन हॉर्न. एमेट थांबला. चिठ्ठी पोचली. मर्लनं टोपी जमिनीवर आपटली, मला नाही नाही ते बोलला आणि ट्रक विन्येकडं वळवले. एमेट म्हणाला, बाईनं मात्र चिठ्ठी दोनदा वाचली. बसतोस का म्हणाला. म्हटलं, जा तू. चालत जाईन. एक काम राहिलंय.

मला निघता आलं असतं. आमचे वाचले. पण उद्या दुसरं कुणी उतरेल आणि त्यांचीही पोरगी झोपाळा बघून हसेल. पाटी तोडतो, झोपाळा नदीत टाकतो, खांब पाडतो. गाव जेवायला गेलंय. अर्धा तास पुरे.

साडेबारा असेल

पाटीचे तुकडे केले. खांब एक पडला. दुसऱ्यापाशी पाय ओले झाले.

टेबलावर चढलोय. कुऱ्हाड आहे. वही खिशात होती म्हणून लिहितोय —

पाणी नाही म्हणता येत. गवतच चमकतंय. चारी बाजूंनी. ऊन कडक. आवाज नाही. काठी अजून कोरडी दिसते इथून —

गाव आलं. रस्त्यावर उभं. पुरुषांनी हॅट काढल्या. मी ओरडलो, मी एकटाच आहे, बाकी कुणी येणार नाही, एवढ्यात भागवा. वर्षभर पुरतो का बघा. बोर्गहिल्डबाईंनी मान फिरवली. बाकी कुणी नाही.

टेबलाचा पहिला पाय भिजला.

कुऱ्हाडीनं पाणी तोडलं. वेडेपणा. तरी तोडलं. मागं सरलं थोडं. खरंच सरलं. परत तोडलं —

लिहितो कारण वहिनीला कळू दे कुठं होतो. नॉर्डाल, शनिवार. पळालो नाही.

पुलावर धूळ.

मर्लची गाडी. मर्ल नाही. चालवतेय वहिनी. तिला चिठ्ठी पटली नाही. कुणी आलं नव्हतं कधी, आज का — शेजारी ट्विला —

वहिनी, उतरू नको. ओरडतोय. तिला वाटतंय मी हात करतोय. तीही हात करतेय.

टेबलाखालचं गवत कोरडं. एकदम. सगळी चमक माझ्यापासून निघून पुलाच्या पायथ्याकडं — एकच पट्टी, रुंद —

टोर्व्हाल्ड पुढं झाला. गाडीचं दार धरतोय तिच्यासाठी. ट्विला उतरली.

मी उडी टाकतोय. कुऱ्हाड घेऊन. पट्टीच्या आधी पोचलो तर