शैलाच्या कानाचं औषध

८ फेब्रु., रविवार

काल शैलाचं तेरावं झालं. पाहुणे गेले. कुंदा राहिली आहे. म्हणते, दादाला इतक्यात एकटा सोडणार नाही. सासरी चिपळूणला तसं कळवलंय. माझी बहीण असून बायकोच्या वरताण हुकूम सोडते.

डावा डोळा खुपतोय. दहाव्याला खाडीवर वारा होता, कण गेला, मी चोळला. आता लाल, सारखं पाणी. सकाळी पापण्या चिकटलेल्या. समोरच्या मीनाबेन दारात उभ्या राहून बघत होत्या. कुंदाला म्हणाल्या, "रोने दो भाई को. अच्छा है. इतने दिन एक आँसू नहीं निकला था." मग कुंदानेही गावाला फोनवर सांगितलं, दादाचे डोळे सारखे भरून येतात.

भरून आलेले नाहीत. डोळा आलाय. पण बोललो नाही. शै. गेल्यापासून माझ्या कोरड्या डोळ्यांबद्दल कुजबुज चालली होती, ती निदान थांबली.

९ फेब्रु., सोमवार

फ्रिजच्या दारात शै.चे ड्रॉप मिळाले. दिवाळीनंतर तिचा कान वाहत होता तेव्हाचे. बरेच शिल्लक. बाटलीवर डोळा आणि कान, दोन्ही लिहिलंय. म्हणजे चालतील. तोंडाशी पिवळं सुकलं होतं, रुमालाने पुसलं. आरशासमोर उभा राहून घातले. पहिला थेंब गालावर, मग बरोबर.

तिच्या कानात मीच घालायचो. कुशीवर पडायची. "अहो, थंडगार आहे, आधी हातात धरून गरम करा." आजही नकळत मुठीत धरून बसलो होतो तेवढ्यात कुंदाची हाक.

११ फेब्रु., बुधवार

लाली गेली. खरंच गेली. कामावर रुजू झालो. काशीमीऱ्याला गोडाऊनच्या गेटवर तोच ट्रकांचा गोंगाट. बरं वाटलं, कोणाशी बोलावं लागत नाही. सुपरवायझर म्हणाला, "फ्रेश दिसताय." बाटली खिशात ठेवतो, जेवणाच्या सुट्टीतही घालतो. डॉक्टरकडे जायची गरज नाही.

१४ फेब्रु., शनिवार

सकाळपासून ठणका. उजेड सोसत नाही. गेटवर ट्रकचा नंबर वाचता येईना, आठ की तीन. उजवा डोळा जन्मापासून अधू, त्याला नुसते आकार कळतात. आजवर जे वाचलं-लिहिलं ते डाव्यानेच. हाफ डे टाकून रिक्षाने परत.

बाटली संपत आली म्हणून केमिस्टकडे तीच मागितली. तो माझ्याकडे बघत राहिला. "अंकल, ये नहीं दूँगा. आँख में सफेद दिख रहा है. डॉक्टर के पास जाओ, अभी."

घरी कुंदाने खिडकीशी उभं केलं. "वर बघ. दादा, बुबुळावर फूल पडलंय रे. हे रडून होत नाही." मग मी सगळं सांगितलं. भडकली. "सगळ्या गावाला सांगितलं मी, दादा रडतोय म्हणून. आणि तू कानाचं औषध घालत बसलायस?" बोलता बोलता चपला घातल्या होत्या तिने.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत. बाटली वाचली. "काका, यात अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड आहे. त्याने लाली जाते, बरं वाटतं. पण आत जखम असली तर ती वाढत राहते. बुबुळावर व्रण झालाय." उघडली कधी? दिवाळीनंतर. "उघडल्यावर महिन्याभराने टाकून द्यायची असते."

डोळा बधिर करून व्रण खरवडला, नमुना लॅबला. नवे ड्रॉप, दर तासाला, सुरुवातीला रात्रीसुद्धा. "नजर?" एवढंच विचारलं. "आधी जंतू मारू, मग नजरेचं बोलू."

शै.ची बाटली परत घ्यायला हात पुढे केला. दिली नाही. तपासायला हवी म्हणाल्या.

१६ फेब्रु., सोमवार

अक्षर मोठं काढतोय. ओळी वर-खाली होत असतील.

स्वतःला जमत नाही. थेंब येताना दिसतो आणि डोळा मिटतो. कुंदा घालते. खालची पापणी ओढून थेंब टाकते, नाकाजवळचा कोपरा दाबून धरायला लावते, दुसरं औषध पाच मिनिटांनी. "लहानपणी मला धपाटे घालायचास ना? आता मान वर कर, हलू नकोस." नळी पापणीला लागली की स्वतःलाच शिव्या घालते.

कुंदाच्या सासूचा फोन आला, कधी येतेस. "याला ना मूल ना बाळ. इथे कोण घालणार, मीनाबेन?" मीनाबेन दारातच. "मैं डाल दूँगी ना." त्यांचा हात थरथरतो. नाकात घालतील, कुंदा नंतर म्हणाली.

औषध घातल्यावर डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, वाहून जातं. शै.चा विचार आला की गाड्यांचे नंबर आठवत बसतो. नेमकं आता यायला लागलंय.

१८ फेब्रु., बुधवार

रिपोर्ट आला. कुंदा औषधं घ्यायला खाली गेली होती, मी एकटाच डॉक्टरांपुढे. जंतूचं नाव लांबलचक, लक्षात नाही. वाहत्या कानात बऱ्याचदा सापडतो. बाटलीच्या तोंडाशीही तोच निघाला. "घालताना टोक कानाला लागायचं का?" लागायचं. ती हलायची, मी टेकवून धरायचो. म्हणजे तिच्या कानातला माझ्या...

"तसंच झालं असेल असं मी खात्रीने म्हणणार नाही, काका. डोळा आधीच दुखावलेला होता."

एक ड्रॉप बदलला. ठिपका वाढलेला नाही. कमीही नाही. फूल मध्यावर राहिलं तर बुबुळ बदलायचं ऑपरेशन, पण ते पुढचं. नजर सोमवारी तपासतील.

कानातल्या जंतूचं कुंदाला सांगितलं नाही. शै.ला कोणी काही बोलायला नको.

२२ फेब्रु., रविवार

ठणका कमी आहे. मागच्या वेळीही असंच बरं वाटलं होतं, त्यामुळे धीर होत नाही. उद्या तपासणी. कुंदा म्हणते, डॉक्टर काय सांगतात त्यावर तिकीट काढीन.

संध्याकाळचं पहिलं औषध घालून झाल्यावर समोर जाऊन उभी राहिली.

"उजवा झाक. काय दिसतं?"

"तू."

"ते आवाजावरून कोणीही सांगेल. साडी कुठली?"

बघत राहिलो. बाथरूमच्या काचेपलीकडे कोणी उभं असावं तशी. "हिरवी," म्हटलं.

एरवी चुकलो की लगेच टोचणारी. आज "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. आत भांडं वाजलं नाही.

पाच मिनिटांनी दुसरी बाटली घेऊन आली. साडी कुठली होती, मी विचारलं नाही. डोळा उघडा धरला.