फितीचं दुसरं टोक

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. साष्टांग कागदापुरताच समज, कारण माझे गुडघे आता असल्या मागण्यांना दाद देत नाहीत. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. तुझा पत्ता वहिनीकडून घेतला. तिला रागावू नकोस. दोनदा मागितला तेव्हा ती ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणाली, तिसऱ्यांदा न विचारताच सांगितला. बाई शहाणी आहे, आपल्या घरात कशी आली कोण जाणे.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. केला असता तर तू उचलला नसतास. उचलला असतास तर मी काहीतरी खवचट बोलले असते, तू ‘बरं, ठेवतो’ म्हणाला असतास, आणि आपण दोघं आणखी चार वर्षं सुटलो असतो. पत्र तू फार तर फाडशील. पण आधी वाचशील, मी ओळखते तुला.

शिवणाचं दुकान ठीक चाललंय. गळ्यात फीत अडकवून तीस वर्षं झाली, पण एवढ्या काळात एकाही गिऱ्हाइकाची कंबर वाढलेली नाही. दर खेपेला माझी फीतच आखडते म्हणे. तुझ्या मेहुण्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून ते रोज चालण्याविषयी बोलतात. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने हवं तेवढंच दिसतं. कान मात्र शाबूत आहेत. स्वयंपाकघरात त्यांच्याविषयी कुजबुजलं की बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं.

कंबरांवर घसरले बघ. सांगायचं होतं ते वेगळंच. गेल्या गुरुवारी मी बाबांना घेऊन मैदानावर गेले होते.

मैदान म्हणायचं नाही हं आता. उद्यान आणि क्रीडांगण. दारातच एक पाटी आहे. तिच्यावर काय काय करू नये अशा अकरा गोष्टी आणि बारावी ओळ ‘आनंद घ्या’. आपण चपला हातात घेऊन जिथून पळायचो, त्या झाडांमागच्या पायवाटेवर फरशा बसवल्यात, आणि दर शंभर मीटरला एक खांब. त्यावर तुम्ही किती चाललात ते लिहिलेलं, म्हणजे घरी जाऊन फुगवून सांगायची सोय गेली. एक गृहस्थ बाकावर बसून जोरजोरात हात हलवत होते. मला वाटलं झटका आला, धावले. तर म्हणाले, “काही नाही हो, घड्याळात पावलं पुरी करतोय.”

पण झाडं तीच आहेत, दादा. वळणावरचं ते तिरकं झाड, ज्याला पाय टेकवून तू बुटांच्या नाड्या बांधायचास, ते अजून तसंच तिरकं उभं आहे. नळही तोच, फक्त त्याला जाळीचं कुंपण घातलंय. आणि गवत कापलेलं होतं. तो वास आला आणि बाबा थांबले. मी पण थांबले. आपलं सगळं बालपण त्या वासात आहे. दव पडलेलं असताना अनवाणी चालणारे बाबा, हातात पांढऱ्या फक्कीचा डबा, आणि मागे उमटत जाणारी सरळ रेघ. लोकांचे बाप कचेरीतून शाई लावून यायचे, आपला गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन यायचा. आई म्हणायची, “आधी पाय धुवा, नाहीतर माझ्या घरात कबड्डी आखाल.”

तिथल्या व्यवस्थापक बाईंनी बोलावलं होतं. तिशीची पोरगी, केसांत पेन्सिल खोवलेली. तिने आम्हाला जुन्या पायऱ्यांखालच्या खोलीत नेलं. तो विक्रमांचा फलक अजून तिथे आहे. निळा रंग उडालाय, पण अक्षरं वाचता येतात.

“आजोबा, हा आता काढतोय,” ती म्हणाली. “रबराची धावपट्टी होणार. चोवीस तारखेला काम सुरू. जुने विक्रम नव्या फलकावर घ्यायचं ठरलंय. मैदान तुम्हीच आखायचात ना? मग अंतरं बरोबर होती, एवढं लिहून द्या. समितीला कागद लागतो.”

“लागतोच,” बाबा म्हणाले. “आम्ही नवी फीत मागितली की समिती कागदच द्यायची.”

मग ते फलकाला नाक लागेल इतके जवळ गेले आणि बोटाने एकेक ओळ चाचपत खाली आले. लांब उडी. चारशे मीटर. दोनशे. तुझ्या नावावर बोट थांबलं. शंभर मीटर, दहा पूर्णांक नऊ सेकंद.

“बाकी सगळं बरोबर,” ते म्हणाले. “ही ओळ नको.”

“अहो, हा तर सगळ्यात भारी आकडा आहे!”

“अठ्ठ्याण्णवच मीटर होतं. दोन कमी पडले. माझ्या हातून.”

पोरगीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आजोबा, बत्तीस वर्षं झाली. आता कोण येणार आहे मोजायला?”

“एक जण मोजून गेलाय,” बाबा म्हणाले.

मी तिथेच होते. एका हातात त्यांची हातकाठी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. आणि मी गप्प. मी, दादा! भाजीवाल्यापासून नगराध्यक्षापर्यंत जिने कुणाला सोडलं नाही, ती तुझी बहीण. या जिभेला आयुष्यात दोनदाच गप्प बसायची बुद्धी झाली, आणि दोन्ही वेळा समोर हेच दोन मीटर होते.

आता सांगते. मध्ये विनोद करणार नाही. झालाच तर तो सवयीचा समज.

त्या वर्षी बाबांची कंबर धरली होती, म्हणून आखणीला दुसऱ्या टोकाला मी जायचे. तू स्पर्धक, तुला हात लावू द्यायचे नाहीत. फीत तुला आठवत असेल. पन्नास मीटरची, कापडी. मैदान दाबायच्या रुळाखाली येऊन तिचा पहिला मीटर तुटला होता. उरले एकोणपन्नास. म्हणून फीत संपली की पुढे एक मीटरची लाकडी पट्टी ठेवायची, मग खुंटी ठोकायची. शंभरासाठी असं दोनदा. बाबा त्यांच्या टोकाकडून ओरडायचे, “लावली?” मी ओरडायचे, “हो, लावली!”

त्या सकाळी पट्टी माझ्या हातात नव्हती. ती नळापाशी राहिली होती. मी पाणी प्यायला गेले होते आणि तिथे एक मुलगा पळून दमून पाणी पीत होता. निम्मं तोंडात, निम्मं सदऱ्यावर. मी त्याला म्हटलं, “नळाला तरी ठेवा थोडं.” तो हसला. झालं. तेवढ्यावर माझं भागलं. तोच मुलगा हल्ली रोज चालण्याविषयी बोलतो.

फीत संपली तेव्हा लक्षात आलं की पट्टी नाही. परत जायचं तर तो अजून नळापाशीच होता. पट्टी विसरून परत आलेली बावळट मुलगी दिसेन, अशी लाज वाटली. बाबा ओरडले, “लावली?” मी म्हटलं, “हो, लावली.” पुन्हा एकोणपन्नास मीटर. पुन्हा, “लावली?” पुन्हा, “हो.” मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या मैदानात दोन मीटरने काय होतंय.

काय होतं ते दहा वाजता शर्यतीत कळलं. तू अकरा सेकंदांच्या आत आलास. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आई रडली, आणि बाबा फक्कीचा डबा धरून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा असा मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्या चेहऱ्यासमोर जाऊन काय सांगणार होते मी? उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी परवा.

मग तू निवड चाचणीला गेलास. अकरा पूर्णांक एक. अकराची अट होती. तू परत आलास, शाळेतून पोलादी फीत मागून आणलीस, भर दुपारी सगळ्यांसमोर मैदान मोजलंस आणि बाबांना म्हणालास, “मला जिंकवायला तुम्ही मैदान कापलंत. तुमचा माझ्या पायांवर विश्वास नव्हता.” बाबा एवढंच म्हणाले, “कमी पडलं. माझ्या हातून.” मी शेजारी उभी होते. आठवड्यात सगळं गाव तुला ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणायला लागलं, आणि महिन्यात तू पेटी उचलून गेलास. नंतर आलास तो आई गेली तेव्हा, एक दिवस. बाबांशी बोललास ते तीन शब्द. “जेवून घ्या तुम्ही.” मी मोजलेत. मला मोजायची सवय लागली आहे. दुकानात रोज सकाळी फितीचं पहिलं टोक बघते, शून्य जागेवर आहे ना म्हणून. माझ्या कारागीर बायकांना वाटतं, मी पूजा करते.

बाबांनी मैदान कापलं नाही, दादा. त्यांना तुझी कीवही आली नव्हती. तुझ्या पायांवर त्यांचा एवढा विश्वास होता की त्यांना शंकासुद्धा आली नाही. आणि दुसरं. माझा मुलगा गणितात बरा आहे, त्याच्याकडून काढून घेतलं. दोन मीटर धावायला तुला लागतात दशांश दोन सेकंद. दहा पूर्णांक नऊ अधिक दशांश दोन, म्हणजे अकरा पूर्णांक एक. चाचणीत तू कमी धावला नाहीस. तू दोन्हीकडे तितकाच धावलास. आणि इथे पहिला आलास तो खराच, कारण बाकीचेही अठ्ठ्याण्णवच धावले होते.

गुरुवारी परतताना आम्ही नळासमोरच्या बाकावर बसलो. बाबांनी पाणी मागितलं. बाटली उघडता उघडता मी म्हटलं, “बाबा, तेव्हा मी पट्टी लावली नव्हती.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळी. नळ बंद करायला गेलो तर पट्टी तिथे पडलेली.” त्यांनी काठी बाकाला टेकवली. “मी पुन्हा फीत लावून पाहिली नाही. पाहिली असती तर सांगावं लागलं असतं. तो झोपेतसुद्धा हसत होता त्या रात्री.”

“आणि त्याने मोजलं तेव्हा? तेव्हा का नाही माझं नाव घेतलंत?”

“तुझी जीभ मला माहीत. त्याचा राग मला माहीत. तुम्हा दोघांत वाजलं असतं तर जन्मात मिटलं नसतं. म्हटलं, माझ्याशी भांडू दे. बापाशी झालेलं भांडण वर्षभरात मिटतं.” ते पाणी प्यायले. निम्मं सदऱ्यावर. “तेवढं एक मोजमाप माझं चुकलं.”

बाटलीचं झाकण लावून मी उठले.

मी परत आत गेले, एकटी. पोरगीला सगळं सांगितलं. तिने पेन्सिल काढून आपल्या यादीतली ती ओळ खोडली आणि विचारलं, “मग इथे काय लिहायचं?” मी म्हटलं, “तो आला की विचारा.” तोंडातून निघून गेलं. म्हणून हे पत्र.

तेवीस तारखेला रविवार आहे. त्या दिवशी सकाळी सातला बाबा शंभर मीटर आखणार आहेत. रबर पडायच्या आधी एकदा, बरोबर. पोरगी म्हणाली, “आजोबा, आमच्याकडे लेझर आहे, एका मिनिटात होईल.” बाबा म्हणाले, “असू दे. त्याला दुसरं टोक कुठे असतं?” फीत त्यांनी घरातून काढली, तीच, एकोणपन्नासची. उन्हात घातली, इस्त्री करायला माझ्याकडे दिली. दुसऱ्या टोकाला कोण, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तुला बोलावलंय असं मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू आला नाहीस तर त्यांना कळणार नाही की कुणी येणार होतं. एवढी सवलत तुला आहे, तिचा उपयोग करू नकोस.

माझ्यावर राग धर. बत्तीस वर्षांचा सगळा धर, थकबाकीसकट. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही, आणि याहून मोठं वचन मी नवऱ्यालाही दिलेलं नाही. पण तो राग त्यांच्याकडून काढून घे. तू आता बावन्नचा आहेस ना? तेव्हा ते बावन्नचे होते.

खोली झाडून ठेवली आहे. वहिनीलाही आण. सकाळी दव असतं, जुने बूट घाल. पट्टी मी स्वतः आणून तुझ्या हातात देईन आणि लांब जाऊन उभी राहीन. बाबा त्यांच्या टोकाकडून ओरडतील, आवाज आता पोचत नाही, नीट कान दे. ओरडतील, “लावली?”

आधी लाव. मग हो म्हण.

तुझी,
न लावता हो म्हणालेली,
धाकटी